पोचा काढलेली कळशी

मित्रांनो, जुनी तर मी आहेच. पण कुणाच्याही माळ्यावर सापडते तसली जुनी कळशी समजून मला सोडून देऊ नका. एके काळी सरकारदरबारी माझं नाव 'मुद्देमाल क्रमांक दोन' असं होतं. माझ्या गळ्यात कागदी लेबल होतं, त्यावर दोन पंचांच्या सह्या होत्या आणि सुतळीच्या गाठीवर लाखेचं लाल सील होतं. मी पितळेची आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी नखरेल आहे. चकाकायला मला फार आवडतं. माझ्या या आवडीपायी एका बाईचं किती नुकसान झालं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म धुळ्याच्या एका तांबटाच्या घरी झाला. तो दिवसभर पत्रा ठोकायचा. माझं पोट एकीकडे आणि गळा दुसरीकडे असे तयार झाले आणि मग डाग देऊन ते जोडले गेले. तिथून मी जामनेरच्या बाजारात आले. एका शेतमजुराने लेकीच्या लग्नासाठी मला पसंत केलं आणि दुकानातच माझ्या गळ्याखाली नाव घालून घेतलं : 'सौ. भागाबाई आधार सुरवाडे, १९७१'. भागाबाईला वाचता येत नव्हतं. पण सासरी आल्यावर पहिले कितीतरी दिवस ती त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि स्वतःशीच हसायची.

तिचं गाव तापीकाठचं. नाव सांगत नाही, कारण ती सगळी माणसं अजून तिथेच राहतात. गावाच्या कडेला बौद्धवाडा होता आणि वाड्यात एक हापसा होता. भागाबाई लोकांच्या शेतात निंदणी, कापूसवेचणी करायची. तिचा नवरा आधार जळगावला डाळ मिलमध्ये हमाली करायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. घरात वस्तू मोजक्याच. त्यामुळे माझे लाड खूप व्हायचे. रोज राखेने आणि बुद्धपौर्णिमेला चिंचेने ती मला घासायची. हापशावरच्या बाया तिला चिडवायच्या, "भागाबाई, कळशीमा तोंड देखस का व?" ती म्हणायची, "हां, देखस!" तेव्हा मला किती मिरवल्यासारखं वाटायचं म्हणून सांगू! चौदा वर्षं अशी गेली. ते माझे खरे दिवस होते.

१९८५ च्या चैत्रात हापसा कोरडा पडला. गावात ग्रामपंचायतीची मोठी विहीर होती. ती सर्वांसाठी खुली आहे, असं तिच्या कठड्यावर रंगवलेलंसुद्धा होतं. पण वाड्यातलं कोणी तिथे जात नसे. भागाबाई गेली. पहिल्या दिवशी लोकांनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी शिवी दिली. तिसऱ्या दिवशी विहिरीसमोर राहणाऱ्या मोतीलालने तिला बजावलं, की उद्या दिसलीस तर बघ. चौथ्या दिवशीही ती गेली, कारण घरात पाणी नव्हतं.

मोतीलालच्या नव्या घराचं बांधकाम चालू होतं. तिथली एक पिळाची लोखंडी सळई घेऊन तो धावत आला. घाव भागाबाईच्या कपाळावर यायचा होता. तिने घाबरून मला वर उचललं आणि मी मध्ये आले. सळई माझ्या पोटावर बसली, तिथून घसरली आणि तिच्या मनगटावर गेली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे, मित्रांनो. तो आवाज फार लहान असतो.

भागाबाईने फिर्याद दिली. वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी नको म्हटलं, तरी दिली. पोलीस आले. त्यांनी सळई जप्त केली, ती मुद्देमाल क्रमांक एक. मला जप्त केलं, मी क्रमांक दोन. पंचनाम्यात माझ्याविषयी एकच ओळ लिहिली : 'पितळी कळशी, पोटावर पोचा आहे.' पोचा किती लांब, किती खोल, कसल्या आकाराचा, काही नाही.

तालुक्याच्या कोर्टात मुद्देमालाची खोली असते. तिथे मी दारूचे रबरी ब्लॅडर, मोडकी सायकल आणि कुऱ्हाडी यांच्या संगतीत बसले. त्या खोलीचे कारकून होते जीवरामनाना. नाना कमी बोलत आणि प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी उचलत. बाकी कुणी माझ्याकडे ढुंकून पाहत नसे. अंगावर धूळ बसली. मला रडू यायचं.

काही महिन्यांनी कोर्टात नवे सरकारी वकील आले. त्यांचं नाव रतिलाल महाजन. मूळचे धुळ्याचे, वय सव्वीस, ही पहिलीच नेमणूक. जळगावला खोली घेऊन राहत आणि रोज एसटीने येत. काळा कोट इतका नवा की कॉलर मानेला टोचायची आणि ते सारखं बोट घालून ती सैल करायचे. बोलताना ते थोडे जास्तच मोठ्याने बोलायचे. पण मनाने चांगले होते. भागाबाईच्या खटल्याचे कागद त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोनदा वाचले.

कागदांत आशा थोडीच होती. मोतीलालचं म्हणणं होतं, की बाई विहिरीच्या ओल्या पायरीवरून पडली, हात मोडला आणि कळशीलाही दगडाचाच पोचा आला. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, की असा हात माराने मोडू शकतो आणि पडूनही मोडू शकतो. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते तिघे साक्षीदार गावातलेच होते. त्यांना गावातच राहायचं होतं.

एका दुपारी रतिलालराव मुद्देमालाच्या खोलीत आले. जीवरामनानांनी मला खाली काढलं, पुसलं आणि ती सळई माझ्या पोच्यात ठेवली. ती अगदी बरोबर बसली. सळईच्या पिळाच्या बारीक रेघासुद्धा माझ्या पितळेत उमटल्या होत्या, त्या एकमेकींत चपखल बसल्या. दगडाने असा पोचा कधीच येत नाही. रतिलालराव खाली वाकून पाहत राहिले. मग लहान मुलासारखे आनंदले आणि म्हणाले, "नाना, तिघेही फितूर होऊ देत. ही होणार नाही." ही म्हणजे मी. त्या दिवशी मला पहिल्यांदाच माझ्या पोच्याचा अभिमान वाटला.

खटला मात्र पुढे सरकेना. तारखांवर तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला भागाबाई अनवाणी यायची, व्हरांड्यात बसायची आणि संध्याकाळी परत जायची. मनगट वाकडं जुळलं होतं. एके दिवशी ती रतिलालरावांसमोर हात जोडून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, मनी कळशी माले दी द्या. घरमा पानी भराले दुसरं भांडं नही शे."

रतिलालरावांना वाईट वाटलं. तिथल्या तिथे त्यांनी अर्ज लिहिला आणि न्यायाधीशांकडून मंजूरही करून घेतला. खटला संपेपर्यंत वस्तू मालकाच्या ताब्यात द्यायची आणि कोर्ट मागेल तेव्हा त्याने ती हजर करायची, याला सुपुर्तनामा म्हणतात. जीवरामनाना म्हणाले, "साहेब, आधी पोच्याचं माप घेऊ. बाजारातून फोटोवाला बोलावू. मग द्या."

"आज फोटोवाला कुठे मिळणार, नाना? बाई पुन्हा एवढी पायपीट करणार का? सोमवारी बघू आपण."

"कळशी गेल्यावर सोमवारी काय बघणार?"

रतिलालरावांनी घड्याळ पाहिलं. पाचची जळगाव गाडी लागली होती. सुपुर्तनाम्यावर 'आहे त्या स्थितीत हजर करीन' असं छापलेलं होतं. शिपायाने ते भराभर वाचलं, भागाबाईने अंगठा उठवला आणि वकीलसाहेब गाडीसाठी पळाले. पोच्याला हात लावू नका, एवढं एकच वाक्य तिला सांगायचं होतं. ते कुणीच सांगितलं नाही. रतिलालराव वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी जन्मात कधी भांडं घासलं नव्हतं. भांडं घरी गेलं की त्याचं काय होतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मी घरी आले. पोच्यामुळे थोडी तिरकी बसायची, तरी पाणी भरत होते. हापशाला पुन्हा पाणी आलं होतं, पण उन्हाळ्यात तो आटायचा. विहिरीवर कधी जायचं, असं वाड्यातल्या बायांनी विचारलं की भागाबाई म्हणायची, "कोर्टना निकाल लागू द्या. मंग बठ्ठ्या जासूत." सगळ्या त्या निकालाची वाट पाहत होत्या.

१९८८ च्या माघात समन्स आलं : कळशीसह हजर राहावे. भागाबाईच्या घरात लगबग उडाली. कोर्टात न्यायाधीश बसतात, मोठी माणसं असतात. तिथे ही वाकडीतिकडी, काळपटलेली कळशी कशी न्यायची? बाजारच्या दिवशी तिने मला भांडी ठोकणाऱ्याकडे नेलं. त्याने आत लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हलक्या हाताने ठोकत ठोकत माझा पोचा काढला. मग दोन दिवस तिने मला चिंचेने घासलं. मोडक्या मनगटाने जोर लावता येत नव्हता, म्हणून गुडघ्यात धरून घासलं. मी सोन्यासारखी झाले. आणि मला लाज वाटते सांगायला, पण मी खूश होते. इतकी मी लग्नातसुद्धा चकाकले नव्हते. सळई, पिळाच्या रेघा, काही काही मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी काय करणार होते? कळशीला बोलता येत नाही.

त्या दिवशी भागाबाई बुद्धपौर्णिमेची पांढरी साडी नेसली. मला तिने नव्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. त्याआधीच्या तारखांना तिन्ही साक्षीदारांचं सांगून झालं होतं. "आम्हीन काही देखं नही," असं एकाने म्हटलं, तेच इतर दोघांनी म्हटलं. आता भागाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. जरासुद्धा न अडखळता ती म्हणाली, "मी पडनू नही. त्यानी माले सळईवरी मारं."

रतिलालरावांनी सळई हातात घेतली आणि म्हणाले, "आता कळशी दाखवा." भागाबाईने फडकं सोडलं. खिडकीतलं ऊन माझ्यावर पडलं आणि मी अशी चमकले, की मागच्या बाकावरच्या माणसांनीही माना उंच केल्या. रतिलालराव जवळ आले. माझ्या पोटात मला त्यांचा चेहरा दिसत होता, पांढराफटक. त्यांनी मला फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं. सळई हातात तशीच राहिली. ती कुठे ठेवायची, ते त्यांना कळेना.

मोतीलालचे वकील उठले. म्हणाले, "फिर्यादीने पुराव्यात फेरफार केला आहे." न्यायाधीशांनी भागाबाईला विचारलं, की बाई, हे तुम्ही का केलंत? ती हात जोडून म्हणाली, "साहेब, तुम्हीन देखशात म्हनीसन घासी आनी. पोचा बी काढी लिना. इतली वाकडी कळशी कोर्टमा कशी आनू?" कुणीतरी हसलं. मग न्यायाधीशांनी रतिलालरावांना विचारलं, "वकीलसाहेब, सुपुर्द करताना बाईंना नीट समज दिली होती का?"

मित्रांनो, जीवरामनाना दारात उभे होते. रतिलालराव खाली पाहत म्हणाले, "सुपुर्तनाम्यात तसं लिहिलेलं आहे, सर. वाचून दाखवून अंगठा घेतला आहे."

हे खोटं नव्हतं. पण सगळी चूक त्यांनी तिच्या पदरात टाकली आणि स्वतः मोकळे झाले. त्या क्षणात पहिलीच नेमणूक, वरिष्ठांचा शेरा, पुढची बढती, असं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असेल. मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.

निकालात लिहिलं गेलं, की फिर्यादीने स्वतःच पुराव्याचं स्वरूप बदललं, म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीला मुक्त करण्यात येत आहे. बाहेर भागाबाईने विचारलं, "मन्हं काय चुकनं, साहेब?" रतिलालराव म्हणाले, "काही नाही, बाई," आणि चालू लागले.

कळशी तिला परत द्यावी, असाही हुकूम होता. दोनदा नोटीस गेली, पण कोर्टाच्या धास्तीने भागाबाई आली नाही. मी पुन्हा त्या खोलीत गेले. पुढे बेवारस मुद्देमालाचा लिलाव झाला आणि मोडीवाल्याने मला पोत्यात घातलं. फाटकाबाहेर रतिलालराव उभे होते. त्यांची धुळ्याला बदली झाली होती. त्यांनी मोडीवाल्याकडून मला मागून घेतलं आणि धुळ्याच्या आपल्या खोलीत कपाटावर ठेवलं.

तिथून पुढची वर्षं मी एका माणसाला बदलताना पाहिलं. रतिलालराव आता हळू बोलत. खिशात नेहमी फूटपट्टी असे. कुठलीही वस्तू आली की आधी माप, मग फोटो, मग बाकीचं. अंगठा उठवणाऱ्या माणसाला ते समोर बसवत आणि कागद त्याच्या बोलीत दोनदा समजावून सांगत. त्यापायी शेवटची एसटी कितीदा चुकली! लोक त्यांना मानायला लागले. नवे सरकारी वकील त्यांच्याकडे शिकायला येत. प्रत्येकाला ते माझी गोष्ट सांगत. पण सांगताना नेहमी 'एक वकील होता' असं म्हणत.

१९९६ साली रेशमा पावरा नावाची मुलगी नव्याने सरकारी वकील झाली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, तिच्या गावातली पहिलीच वकील. तिलाही त्यांनी गोष्ट सांगितली. बाकीचे ऐकून वहीत लिहून घेत. रेशमाने विचारलं, "सर, त्या वकिलाने त्या बाईला नंतर सांगितलं का, की चूक तिची नव्हती म्हणून?"

 पुढच्या रविवारी रतिलालरावांनी मला कपाटावरून काढलं, रेशमाला बरोबर घेतलं आणि आम्ही तिघं एसटीत बसलो.

भागाबाई आता म्हातारी दिसत होती. अंगणात प्लास्टिकचा कॅन होता. हापसा कायमचा बंद पडला होता आणि सगळा वाडा दीड मैलावरच्या नाल्यात झिरा खणून पाणी आणत होता. विहिरीवर निकालानंतर कोणी गेलं नव्हतं. भागाबाईने वकिलांना ओळखलं. घोंगडी अंथरली, चहा टाकला.

रतिलालराव घोंगडीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "भागाबाई, चूक माझी होती. कळशी घासू नका, पोचा काढू नका, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आणि न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मी तुमच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. तुमचा काही दोष नव्हता."

मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर भांडेल. भांडली असती तर फार बरं झालं असतं. ती मायेने हसली.

"नही साहेब," ती म्हणाली. "तुम्ही माले बरं वाटाले सांगतस. शिकेल मानूसनी चूक कशी व्हई? कागदवर मना आंगठा व्हता. मीच घासी. आठ वरीस व्हयनात, बठ्ठा वाडा माले हाईच सांगस."

रतिलालरावांनी पुन्हा सांगितलं. रेशमा तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि अगदी सोप्या शब्दांत तिने सगळं उलगडून सांगितलं. भागाबाईने मन लावून ऐकलं, रेशमाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, तू गुनी शे." पण तिच्या डोळ्यांकडे पाहून कळत होतं, की तिला यातलं काहीही पटलेलं नाही. रतिलालराव तोंड फिरवून उभे राहिले. त्यांना आता कायदा येत होता, माणसांशी बोलता येत होतं, कुणालाही न भिता उभं राहता येत होतं. तिच्यापुढे यातलं काही कामाला आलं नाही.

मग त्यांनी मला तिच्या हातात दिलं. भागाबाईने मला पदराने पुसायला हात उचलला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. म्हणाली, "आते मी हुशार व्हयनू, साहेब. हिले हात बी लावसू नही. कोर्ट बोलावी तवय जशीनी तशी आनसू."

"खटला संपला, भागाबाई. आता कोर्ट बोलावणार नाही."

"हां साहेब," ती म्हणाली आणि मला वरच्या फळीवर ठेवून दिलं.

मित्रांनो, मी अजून त्याच फळीवर आहे. अंगावर हिरवे डाग चढले आहेत. तिची लेक कुंदाबाई माहेरी आली, की मला घासायला खाली काढू पाहते आणि भागाबाई तिच्यावर खेकसते. तुम्ही उद्या शिकाल. तुमच्यातलं कोणी काळा कोट घालेल, कोणी कागदावर दुसऱ्याचे अंगठे घेईल. तेव्हा समोरच्या माणसाला खाली बसवा आणि सगळं सांगा, गाडी चुकली तर चुकू द्या. चूक झालीच तर त्याच दिवशी कबूल करा, कारण नंतर ऐकणारा माणूस उरत नाही. हे मी तुम्हाला सांगते खरी. पण भागाबाई आजही झिऱ्यावरून कॅन घेऊन येते, दारात टेकते, आणि मला कुणी हात तर लावला नाही ना, हे आधी वर पाहून घेते.